राजाची भूल

हुपरीतून रोज कोल्हापूरला कॉलेजला जाणाऱ्यांनी दसरा चौक किती वेळा ओलांडला असेल, त्याची मोजदाद नाही. मधोमध शाहू महाराजांचा पुतळा. थोडं पुढं गेलं की सीपीआर. सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, हे तुम्हाला माहीत असेल. पण त्याच दवाखान्याचं जुनं नाव माहितेय? आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. आता मुंबईला चला. परळचं केईएम, म्हणजे किंग एडवर्ड मेमोरियल. आणि काळा घोडा? फेस्टिवलच्या रील्स आपण सगळ्यांनीच बघितल्यात. त्या घोड्यावर बसलेला गडी कोण होता? तोच. बर्टी, म्हणजे आल्बर्ट एडवर्ड, म्हणजे पुढचा राजा सातवा एडवर्ड.

दोन दवाखाने आणि एक घोडा नावावर असलेल्या या माणसाकडं मी वळलो ते इतिहासाच्या आवडीपायी नव्हे. झालं असं, की हुपरीतल्या माझ्या मावशीचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं. मावशी घरबसल्या पैंजणांना घुंगरं जोडायचं काम करते. दिवसभर मांडी घालून बैठं काम, त्यात शुगर, त्यात वजन. ऑपरेशनआधी फिटनेससाठी भुलीच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी विचारलं, झोपेत घोरता का? मावशीनं सरळ नाही म्हणून सांगितलं. आमच्या घरात तिचं घोरणं तिसऱ्या खोलीपर्यंत ऐकू येतं. बाहेर आल्यावर म्हणाली, बायामाणसानं असलं सांगायचं असतं होय? ऑपरेशन पोटाचं आणि चौकशी घोरण्याची, हे मलाही तेव्हा कळलं नव्हतं. ते समजून घेताना मी 1902 सालच्या एका टेबलापाशी जाऊन पोहोचलो. टेबलावर हा राजा होता.

तर ऐका.

बर्टीचा जन्म 9 नोव्हेंबर 1841 चा, लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात. व्हिक्टोरिया राणीचा हा थोरला मुलगा. भुलीशी या घराचं नातं त्याच्या आईपासूनचं आहे. 1853 मध्ये आठव्या बाळंतपणात राणीनं क्लोरोफॉर्म घेतला. देणारा डॉक्टर जॉन स्नो. कॉलऱ्याचा नकाशा काढून पाण्याच्या पंपावर बोट ठेवणारा जॉन स्नो तो हाच. बाळंतपणात भूल घ्यावी की नाही यावर तेव्हा मोठा वाद होता. खुद्द राणीनं घेतली म्हटल्यावर वादाचा जोर ओसरला. बर्टी तेव्हा अकरा वर्षांचा होता.

पोरगं अभ्यासात यथातथाच. आईबापांनी मात्र त्याला आदर्श राजा घडवायचा चंग बांधलेला. सकाळपासून रात्रीपर्यंत वेळापत्रक, मास्तर, शिस्त, बरोबरीचे मित्र जवळजवळ नाहीतच. 1861 मध्ये वडील गेले. त्याच्या आधी बर्टीचं एक प्रेमप्रकरण उघडकीला आलं होतं आणि त्या धक्क्यानंच नवरा गेला असं आईनं धरून ठेवलं. पुढं राणी चाळीस वर्षं जगली आणि तिनं या पोराच्या हातात राज्यकारभारातलं फारसं काही कधी दिलंच नाही. युवराज म्हणून तो 59 वर्षांचा होईपर्यंत थांबला. विचार करा, परीक्षा पास होऊन नेमणुकीची वाट बघत बसलेल्या आपल्या दादालोकांचं काय होतं? याला तर पैशाची चिंता नव्हती. त्यानं वेळ घालवला जेवणात, शिकारीत, पत्त्यांत, घोड्यांच्या शर्यतीत आणि बायकांच्या मागं.

1875 मध्ये तो हिंदुस्थानात आला. 8 नोव्हेंबरला मुंबईत उतरला, दुसऱ्या दिवशी चौतिसावा वाढदिवस इथंच झाला. प्रिन्सेस डॉकची पायाभरणी त्याच्याच हातची. गोरे अधिकारी इथल्या लोकांशी ज्या उर्मटपणे वागत, त्याबद्दल त्यानं घरी लिहिलेल्या पत्रांत नाराजी कळवली होती. अर्थात तो परक्या राजघराण्याचाच माणूस, त्याला डोक्यावर घ्यायचं कारण नाही. पण नोंद आहे ती सांगितली. या भेटीची आठवण म्हणून मुंबईत घोड्यावरचा पुतळा आला. तो 1965 मध्ये राणीच्या बागेत हलवला, नाव तेवढं चौकाला चिकटून राहिलं.

आता त्याच्या देहाबद्दल. दिवसाला बारा सिगार आणि वीस सिगारेटी. जेवणं एकामागून एक, आणि रात्रीचं जेवण म्हणजे दहा-बारा पदार्थांची रांग. मध्यम वयात कंबर 48 इंच झाली होती. जवळचे लोक पाठीमागं त्याला टमटम म्हणायचे. आपल्याकडची टमटम नव्हे, पोटावरून पडलेलं नाव. सूटाच्या आतल्या वेस्टकोटाचं शेवटचं बटण उघडं ठेवायची पद्धत आहे ना, ती याच्यापासून पडली असं म्हणतात. पोटावर बटण लागेना म्हणून त्यानं सोडून दिलं आणि दरबारानं त्याची फॅशन केली. मोठ्या माणसाची अडचणसुद्धा स्टाइल होते. मावशीचं मात्र लग्नात फोटो काढताना पोट आत घ्या म्हणून चारजण सांगतात. 1898 मध्ये जिन्यावरून पडून त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली, तेव्हापासून हालचाल आणखी कमी झाली.

जानेवारी 1901 मध्ये आई गेली आणि बर्टी सातवा एडवर्ड म्हणून गादीवर बसला. राज्याभिषेक ठरला 26 जून 1902 ला. तारीख ओळखीची वाटली? आपल्याकडं 26 जून म्हणजे शाहू जयंती, सामाजिक न्याय दिन. गंमत पुढंच आहे. या राज्याभिषेकासाठी हिंदुस्थानातले जे राजे इंग्लंडला गेले होते, त्यांत आपले शाहू महाराज होते.

सगळं लंडन सजलेलं. जगभरचे पाहुणे आलेले. आणि जूनच्या मध्यावर राजाचं पोट दुखायला लागलं. बाहेर सांगितलं, कंबरेत उसण भरलीय. खरं दुखणं ॲपेंडिक्सचं होतं. उजवीकडं पोटात पुवाचा गोळा धरला होता. राजा ऐकेना. 23 तारखेला तो लंडनला आला, पाहुण्यांच्या गडबडीत सामील झाला. 24 ला सकाळी डॉक्टर जमले. सर्जन फ्रेडरिक ट्रीव्ह्ज. एलिफंट मॅन म्हणून ज्याची गोष्ट जगाला माहीत झाली, त्या जोसेफ मेरिकला आसरा देणारा हाच ट्रीव्ह्ज. दोनच वर्षांपूर्वी त्याची स्वतःची अठरा वर्षांची मुलगी ॲपेंडिक्स फुटून गेली होती. थांबून बघू म्हणण्याची किंमत त्यानं घरात मोजली होती. राजा म्हणत होता, काहीही होवो, मी अ‍ॅबीत जाणार. ट्रीव्ह्जनं त्याला स्पष्ट सांगितलं, की मग तुमचं प्रेत जाईल. राजा गप्प झाला.

इथवरची गोष्ट सर्जनची म्हणून सांगितली जाते. मला अडकवलं ते टेबलाच्या डोक्याकडं उभ्या असलेल्या माणसानं. फ्रेडरिक हेविट, वय 44. डोळे अधू होते म्हणून दुसरी डॉक्टरी सोडून भुलीकडं आलेला. त्या काळी भूल देणं हे कुणीही करायचं काम समजत, कंपाउंडरच्या हातीसुद्धा रुमाल आणि बाटली देत. हेविटनं त्याचं शास्त्र केलं. ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइड एकत्र देणारं, प्रत्यक्ष वापरता येईल असं यंत्र बनवलं, 1893 मध्ये त्या विषयावर जाडजूड पुस्तक लिहिलं. आणि त्या दिवशी त्याच्या समोर होता साठ वर्षांचा, 48 इंच कंबरेचा, दाढीवाला, सिगारनं छाती भरलेला, तापानं फणफणलेला आणि चिडलेला माणूस. त्याचं काही बरंवाईट झालं असतं तर भूल देणाऱ्याचं नाव इतिहासात कसं गेलं असतं ते सांगायला नको.

औषध नाकाशी लावल्यावर राजा हातपाय झाडू लागला, चेहरा काळानिळा पडला. शेजारी उभी असलेली राणी अलेक्झांड्रा घाबरून ओरडली. झोपताना जीभ मागं पडून श्वासाची वाट बंद होत होती. हेविटनं राजाची दाढी धरून जबडा पुढं ओढला आणि वाट मोकळी केली, असं भुलीचे डॉक्टर आजही एकमेकांना सांगतात. ट्रीव्ह्जनं पोट उघडून पू काढला. ॲपेंडिक्सला हात लावला नाही. साधारण चाळीस मिनिटांत सगळं आटोपलं. दुसऱ्या दिवशी राजा उशीला टेकून बसला होता, हातात सिगार.

आता घोरण्याचं कोडं सुटतंय का बघा. घोरणं म्हणजे झोपेत श्वासाची वाट अर्धीमुर्धी बंद होणं. भुलीत स्नायू सैल पडतात, तेव्हा तीच वाट पुरती बंद होऊ शकते. मानेभोवती, घशात चरबी जास्त असेल तर धोका वाढतो. त्यात आडवं झोपवलं की पोटाचा भार पडद्यावर येतो, फुप्फुसात शिल्लक राहणारी हवा कमी होते. बारीक माणसाचा श्वास थांबला तर डॉक्टरला हाताशी काही मिनिटं मिळतात. जाड माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन त्याच्या आधीच घसरतो. राजा भराभर निळा पडला तो म्हणूनच.

दुसरा भाग डोळ्यांना दिसत नाही. भूल दिली की माणूस झोपला, संपलं, असं आपल्याला वाटतं. शरीर झोपत नाही. चिरा पडला की तिथल्या नसा मेंदूच्या तळाशी निरोप धाडतातच, तुम्हाला शुद्ध असो वा नसो. तिथून हुकूम सुटतो आणि मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या दोन छोट्या ॲड्रिनल ग्रंथी कामाला लागतात. ॲड्रिनलिन सुटतं, नाडी आणि बीपी वाढतं. पाठोपाठ कॉर्टिसॉल. पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर चार-सहा तासांत कॉर्टिसॉल नेहमीच्या तिप्पट-चौपट होऊ शकतं. ही संप्रेरकं इन्सुलिनच्या विरुद्ध ओढतात, म्हणून रक्तातली साखर चढते, स्नायूंतली प्रथिनं मोडून इंधनाला लावली जातात. रानात वाघानं पंजा मारला तर पळायला बळ मिळावं म्हणून केलेली ही तयारी. ऑपरेशन थिएटरात पळायचं कुठं?

ही साखर जाड माणसाला जास्त छळते. पोटाची चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. ती स्वतः दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडत असते. इन्सुलिन आधीच नीट चालत नसतं. झोपेत श्वास अडकणाऱ्याचं ॲड्रिनलिन रोज रात्रीच वर-खाली होत असतं. म्हणजे ऑपरेशनचा ताण कोऱ्या पाटीवर येत नाही, आधीच्या उधारीवर येतो. साखर चढली की जखम भरायला वेळ, पू व्हायची भीती. मावशीची शुगर आठवडाभर आधीपासून का तपासत होते, हे मला इथं कळलं.

एडवर्डच्या रक्तात त्या दिवशी काय चाललं होतं, ते कुणी मोजलं नाही. मोजणार कसं? शुद्ध ॲड्रिनलिन वेगळं काढून जेमतेम वर्ष झालं होतं, ते काम अमेरिकेत राहणाऱ्या जपानी रसायनशास्त्रज्ञ ताकामिने यांचं. हार्मोन हा शब्दच 1905 मध्ये आला. कॉर्टिसॉल तर आणखी तीस वर्षं लांब होतं. पण ताप, पू, भीती, चीड, गुदमरणं हे सगळं एकाच वेळी म्हटल्यावर राजाच्या ॲड्रिनल ग्रंथी शांत बसल्या असतील, असं आजचा कुठलाही भुलीचा डॉक्टर म्हणणार नाही.

आणि इथंच औषधाचा संबंध येतो. तेव्हाची मुख्य औषधं दोन, ईथर आणि क्लोरोफॉर्म. ईथर स्वतःच शरीरातलं ॲड्रिनलिन आणि साखर वाढवतो. क्लोरोफॉर्मची तऱ्हा वेगळी. धडधाकट माणसं दोन-चार श्वास घेऊन टेबलावर अचानक मरायची. का, हे कळेना. आपल्या बाजूला हैदराबादेत, निजामाच्या पैशानं, 1888 आणि 1889 मध्ये यासाठी दोन चौकशा बसल्या. मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात. शेकडो कुत्र्यांवर, माकडांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष काढला, की क्लोरोफॉर्मनं हृदय थांबत नाही, आधी श्वास थांबतो, तेव्हा श्वासावर लक्ष ठेवा म्हणजे झालं. निष्कर्ष चुकला होता. 1911 मध्ये गुडमन लेव्ही या डॉक्टरनं दाखवून दिलं, की क्लोरोफॉर्म हृदयाला ॲड्रिनलिनपुढं हळवं करून सोडतो. माणूस घाबरलेला असेल, भूल हलकी असेल, तर त्याचं स्वतःचंच ॲड्रिनलिन त्याच्या हृदयाचे ठोके विस्कटून टाकतं. टेबलावरची भीती जीव घेऊ शकते, हा शोध एडवर्ड टेबलावरून उठल्यावर नऊ वर्षांनी लागला. तो वाचला यात हेविटचा हात किती आणि नशीब किती, कुणास ठाऊक.

राजा बरा होईपर्यंत राज्याभिषेक पुढं गेला. मेजवानीसाठी शिजवलेलं अन्न लंडनच्या व्हाइटचॅपलमधल्या गरिबांना वाटलं. आणि शाहू महाराज इंग्लंडमध्ये असतानाच, 26 जुलै 1902 ला, करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये तो हुकूम छापून आला. मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखीव. एकीकडं लंडनमध्ये राजाची जखम भरतेय, दुसरीकडं कोल्हापुरात आपल्या आजच्या कॉलेजातल्या कित्येकांचं भविष्य छापलं जातंय. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण मला हे आठवडे एकाच कॅलेंडरवर बघायला आवडतात. राज्याभिषेक शेवटी 9 ऑगस्टला झाला.

एडवर्डच्या ऑपरेशनानं दोन गोष्टी बदलल्या. ॲपेंडिक्स कापायला लोक घाबरायचे, ते कमी झालं. आणि राजाला भूल द्यायला खास डॉक्टर लागतो, हे सगळ्यांनी पाहिलं. हेविटनं पुढं 1908 मध्ये तोंडात बसवायची एक नळी काढली, जीभ मागं पडू नये म्हणून. आज कुठल्याही थिएटरात, ॲम्ब्युलन्समध्ये प्लास्टिकची वाकडी नळी दिसते ना, ती तिचीच नात. शिकलेल्या डॉक्टरशिवाय कुणी भूल देऊ नये, असा कायदा व्हावा म्हणून तो अखेरपर्यंत झगडला. 1916 मध्ये तो गेला.

आजची औषधं वेगळी आहेत. शिरेतून देतात ते दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल, हुंगवायचं सेव्होफ्लुरेन, जोडीला फेंटानिलसारखी वेदनाशामकं, काही ठिकाणी डेक्समेडेटोमिडिन. ताणाची संप्रेरकं कोण किती दाबतं यावर डॉक्टर मंडळी जगभर मोजमाप करत असतात. जाड रुग्णांवरही करतात, कारण वजन कमी करायच्या ऑपरेशनांना तेच येतात. प्रोपोफॉलवर चालवलेल्या भुलीत कॉर्टिसॉल जरा कमी चढतं असं काही अभ्यासांत दिसतं, काहींत फारसा फरक दिसत नाही. डेक्समेडेटोमिडिन नाडी आणि नॉरॲड्रिनलिन खाली ठेवतं. बेंबीखालच्या ऑपरेशनात पाठीतून दिलेली भूल जास्त कामाची, कारण ती निरोपच वाटेत तोडते. वरच्या पोटात तितकी चालत नाही. डोसचंही गणित आहे. शंभर किलोचा माणूस म्हणून प्रोपोफॉलची सुरुवात शंभर किलोच्या हिशोबानं केली तर बीपी कोसळू शकतं, म्हणून चरबी वगळून वजन धरतात. काही औषधांना मात्र पूर्ण वजनच धरावं लागतं.

मग कॉर्टिसॉल पार बंदच केलं तर? तसंही एक औषध आहे, एटोमिडेट. ते ॲड्रिनल ग्रंथीत कॉर्टिसॉल बनण्याची पायरीच अडवतं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये अतिदक्षता विभागात गंभीर जखमींना झोपवून ठेवायला ते दिवसच्या दिवस देत होते. माणसं जास्त मरायला लागली, तेव्हा कारण सापडलं. ज्या ताणाला आपण शिव्या देतो, त्याच्यावाचून आजारी शरीर तग धरत नाही. तेव्हापासून ते असं सलग देणं बंद झालं. म्हणजे भुलीच्या डॉक्टरला लगाम खेचायचाही असतो आणि सैलही सोडायचा असतो, आणि घोडा समोर दिसत नसतो.

एडवर्डनं सिगार सोडला नाही. जेवणही सोडलं नाही. छातीचा दमा-खोकला वाढत गेला आणि 6 मे 1910 ला, हृदयाच्या झटक्यांनी, 68 व्या वर्षी तो गेला. नऊ वर्षं राज्य केलं, त्यातली जवळजवळ आठ त्या चाळीस मिनिटांनंतरची. शाहू महाराजांची पुण्यतिथीही 6 मेचीच, साल 1922. महाराज तर अवघ्या 47 व्या वर्षी गेले. आज सीपीआरला जोडलेल्या सरकारी मेडिकल कॉलेजला त्यांचं नाव आहे. एकाच आवारानं दोघांचं नाव लावलंय, आणि त्यातलं आपलं तेवढं टिकलं, हे बरंच झालं.

हे सगळं मी मावशीला सांगितलं. राजाची दाढी ओढली हे ऐकून ती इतकी हसली की घुंगरांची परात सांडली. मग तीच म्हणाली, चल, त्या डॉक्टरांकडं परत जाऊ. गेलो. तिनं खाली मान घालून सांगितलं, की घोरते, आणि कधीकधी रात्री दचकून उठून बसते. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी फाइल ओढली, लाल पेनानं एक ओळ लिहिली, झोपेची एक तपासणी सांगितली आणि तारीख दहा दिवस पुढं ढकलली. येताना एसटीत मावशीची एकच तक्रार चालू होती, की दहा दिवसांत ऑर्डरचे पैंजण कोण पुरे करणार. सध्या संध्याकाळी कॉलेजातून आलो की घुंगरं मी जोडतोय. एका जोडीला इतका वेळ लागतो, हे मला बावीस वर्षांत कधी कळलं नव्हतं.